टर्बो जाम झालाय? आधी तो उघडू देऊ नका

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला पुण्यातल्या एका गॅरेजने बाहेरचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) बसवला, 1,40,000 रुपये घेतले. पुढच्या दोन्ही सीटचे मूळ बेल्ट काढून फोर-पॉइंट हार्नेसही (चार ठिकाणी अडकणारा, रेसिंगचा पट्टा) लावला. 19 दिवसांत टर्बो जाम झाला. ‘ऑइल हलकं वापरलंत,’ असं गॅरेजवाला म्हणतो. बिलावर ‘मॉडिफिकेशन ग्राहकाच्या जोखमीवर’ असं छापलंय. पैसे मिळतील का? की उलट मीच अडकेन?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. गॅरेजवाला ‘उघडून बघू’ म्हणेल, त्याला हो म्हणू नका. एकदा तो खोलला की दोष कुणाचा हे सांगणारी खूण गेली. टर्बो, ऑइल टर्बोत नेणारी (फीड) आणि परत आणणारी (रिटर्न) अशा दोन्ही नळ्या, जुना फिल्टर आणि सम्पमधलं (इंजिनच्या तळाच्या ऑइल-टाकीतलं) अर्धा लिटर ऑइल स्वच्छ बाटलीत, हे सगळं दोन साक्षीदारांसमोर, फोटो काढून सीलबंद करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 खाली ग्राहक आयोग असा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

तज्ज्ञाने काय पाहायचं, तेही लिहून द्या. फीड लाइनच्या तोंडाशी सिलिकॉन सीलंटचा गोळा अडकलाय का? रिटर्न पाइप सरळ उतारावर सम्पकडे जातो, की कुठे मुरडलाय? शाफ्ट निळसर पडलाय का, म्हणजे ऑइल न मिळाल्याने तापलाय? कॉम्प्रेसरच्या पात्यांना टवके असतील तर आत काहीतरी शिरलं. नळी तुंबलेली किंवा मुरडलेली निघाली, तर ‘हलकं ऑइल’ हा बचाव तिथेच लंगडा पडतो. बसवताना कोणतं ऑइल भरलं हे बिलावर नसेल, तर तेही त्याच्याच अंगाशी येईल.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. सदोष काम झाकायला ती पुरत नाही. 15 दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जोडाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हवं. विम्याकडे मात्र धावू नका : यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेला असतो.

आता तुमची बाजू, आणि ती कच्ची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलाला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसी आहे म्हणून बदल कायदेशीर ठरत नाही.

म्हणून तक्रारीत ‘दुसरा टर्बो बसवून द्या’ असं चुकूनही मागू नका. बेकायदा काम नीट करून द्या, असा आदेश आयोगाकडून मिळेल अशी आशा नको. पैसे परत आणि गाडी मूळ स्थितीत आणण्याचा खर्च एवढंच मागा. बदल लपवू नका, समोरचा तो पहिल्याच लेखी जबाबात काढणार आहे.

हार्नेस मात्र आजच उतरवा. रस्त्यावर मान्य मानकाचा बेल्टच लागतो आणि गाडीची एअरबॅग मूळ थ्री-पॉइंट बेल्ट गृहीत धरून बसवलेली असते. पायांमधून जाणारा पट्टा नसलेल्या फोर-पॉइंट हार्नेसमध्ये धक्क्याला शरीर कमरेच्या पट्ट्याखालून सरकतं. खांद्याचे पट्टे सीटमागे थेट जमिनीला बोल्ट केले असतील तर ते खाली ओढून मणक्यावर भार टाकतात. ट्रॅकसाठी हवाच असेल तर बोल्टमागे किमान 3 मिमी जाड, 40 चौ. सेंमीची पट्टी लागते. नुसता वॉशर पत्रा फाडून निघतो. काढलेले मूळ बेल्ट गॅरेजकडून मागून घ्या, बकल आणि प्रीटेन्शनरच्या (धडकेत बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या) वायरसकट. देत नसेल तर नोटिशीत त्यांचीही किंमत लिहा.