काळ्या गाडीवर सीलंट, ग्लेझ आणि वॅक्स कोणत्या क्रमाने लावावं?

तुम्ही विचारलंय की पॉलिश झाल्यावर आधी ग्लेझ (नुसती चमक देणारं तेलकट द्रव) की आधी सीलंट (पेंटचं रक्षण करणारा थर), आणि शेवटी वॅक्स फिरवलं तर खालचं सगळं निघून जाईल का. सीलंट एक रात्र नीट सुकलं असेल तर वॅक्सने ते जात नाही. उरलेल्या प्रश्नावर आमच्या घरात २०२२ पासून भांडण चालू आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

माझी काळी सेडान ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते. तेव्हा रस्त्यावर मेट्रो ४ चं काम, म्हणजे सिमेंटची धूळ आलीच. सोसायटीत पाणी टँकरचं. त्याचा थेंब बॉनेटवर वाळला की पांढरी रिंग उमटते आणि ती बोटाने जात नाही. त्यात पहाटे पाचला गाड्या पुसणारा पोरगा एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या उरकतो. वर्षभरात पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसायला लागलं.

आमचे साडू डोंबिवलीचे. गाड्यांमधलं त्यांना सगळं कळतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मी सुट्टी टाकून पॉलिश करायला घेतलंय हे कळल्यावर ते ग्लेझची अर्धी बाटली घेऊन हजर. (खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावून विश्रांती द्यायची असते. आम्ही दिवसभर पॉलिशिंग मशीन फिरवत होतो. तिथेच काय ते चुकलं असेल.)

तयारी चोख झाली होती, हे मी आजही सांगतो. गाडी धुऊन हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि बॉनेटवरून फिरवली. नुसत्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून वाळूसारखं खरखर लागतं. क्ले बार (पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवून फिरवून ती खरखर घालवली, दारांवरचे सिमेंटचे बारीक ठिपके काढले. मग मशीन. पॉलिशचं तेल उतरवायला मी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) निम्मं पाणी घालून पॅनेल पुसून घेत होतो, तर साडू म्हणाले, ''अहो, कशाला कोरडी करताय? काळ्या गाडीला ग्लेझ पाजा, मग बघा.'' आणि पाजलं. टप, बॉनेट, चारही दारं. डिकीपाशी येईपर्यंत बाटली संपली. रात्री अकराला सगळ्या गाडीवर सीलंट फिरवून आम्ही वर जेवायला गेलो.

सकाळी गाडी आरशासारखी. झेंडूच्या माळेतलं एकेक फूल बॉनेटमध्ये मोजता येत होतं. साडूंनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली ''आमची करामत''. मशीन मी चालवलं होतं, पण असो.

दिवाळीपर्यंत गाडी तीन वेळा धुतली. तिसऱ्यांदा धुताना पाहिलं तर बॉनेटवर पाणी चादरीसारखं पसरून बसलंय, आणि ट्यूबलाइटखाली कोळी परत हजर. म्हणजे तिथलं सीलंट गेलं. मागे डिकीवर मात्र पाण्याच्या टपोऱ्या गोळ्या, म्हणजे तिथलं शाबूत. सीलंट तेच, रात्र तीच, टँकरही तोच. फरक एवढाच की डिकीच्या वाट्याला ग्लेझ आलं नव्हतं.

यात नवल काही नाही. ग्लेझ म्हणजे मेकअप. त्यातली तेलं आणि फिलर ओरखड्यांत बसतात, उजेड सरळ परततो, गाडी ओली दिसते. रक्षण शून्य, दोन-चार धुण्यांत गेलं. सीलंट कृत्रिम पॉलिमरचं असतं, त्याला स्वच्छ, कोरडा पेंट धरायला लागतो. तेलावर लावलं तर ते तेलालाच धरतं आणि तेलाबरोबरच वाहून जातं.

फराळाला मी हे डिकीसकट मांडलं. साडूंचं म्हणणं, ''डिकी इंजिनापासून लांब, तिथे उष्णता नाही, म्हणून टिकलं.'' बरं, मग टपाखाली कुठलं इंजिन आहे? तिथलंही गेलंच होतं ना? यावर त्यांनी चिवडा वाढून घेतला.

तर पॉलिश, आयपीएने पुसणं, सीलंट, १२ ते २४ तास पाणी लागू न देता थांबणं, मग वॅक्स. ग्लेझ हवंच असेल तर सुकलेल्या सीलंटवर आणि वॅक्सच्या खाली. वॅक्सखाली ग्लेझ चालतं, सीलंटखाली नाही. वॅक्सवर सीलंट तर कधीच नको. कार्नोबा वॅक्स ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि मे महिन्यात उन्हातली काळी बॉनेट सत्तरी ओलांडू शकते, तेव्हा आपल्याकडे ते फार काळ टिकेल ही आशा सोडा. वॅक्सचे पाच-सहा थर द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुसरा थर पहिल्यात राहिलेल्या जागा भरायला ठीक, पुढचा सगळा फडक्यावर येतो. थरांची हौस दहीहंडीला भागवावी.

आणि दर दसऱ्याला रबिंग (पेंट घासून ओरखडे काढणं) करून घेऊ नका. (साडू घेतात.) क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून पातळ. रबिंगने दरवेळी त्यातलाच थोडा जातो आणि परत येत नाही. त्यापेक्षा ओरखडे पडणंच थांबवा. मी पुसणाऱ्या पोराला महिन्याचे पूर्ण पैसे देतो आणि फक्त काचा पुसायला सांगतो. पहिले दोन महिने त्याला वाटलं मी चिडलोय.

गाडी पांढरी किंवा सिल्व्हर असेल तर ग्लेझचा विचारच करू नका, फरक दिसत नाही. सिरॅमिक कोटिंग झालेलं असेल तर हे वरचं सगळं तुमच्यासाठी नाहीच. आणि हो, काही ग्लेझमध्ये बारीक अपघर्षक किंवा क्लीनर असतो, तो खालचं सीलंट खरवडून काढतो. तसलं असेल तर मी सांगितलेला क्रमही फसेल. उलट काही ग्लेझ सीलंटखाली चालावीत म्हणूनच बनवलेली असतात. तसं बाटलीवर लिहिलेलं असतं. साडूंच्या बाटलीवर नव्हतं. मी ती नंतर कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचली.