दप्तराचे फोटो काढले, आता फाइल लहान कशी करायची?

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. माळ्यावरच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांच्या वेळचं दप्तर मिळालं. मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या, थोडे स्टॅम्प पेपर, पत्रं. पावसाळ्यात बुरशी आणि कसर काही ठेवणार नाही, म्हणून भाच्याने त्याच्या कॅननवर सगळ्याचे फोटो काढून दिले. २१० फोटो, सगळे रॉ, एकेक २८-३० एमबीचा. मुंबईच्या दिरांना, पुण्याच्या नणंदेला प्रत हवी आहे, पण फाइल कुणाच्या फोनवर उघडत नाही. याचं एकच लहान पुस्तक होईल का? भाचा म्हणतो डीजेव्हीयू कर, झेरॉक्सवाले म्हणतात पीडीएफ. नमुन्याला एक फोटो पाठवते आहे.
— एक वाचिका, राजापूर तालुका

उत्तर : ताई, भाच्याने रॉ, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारे फोटो काढले हे फार चांगलं केलं. जेपीजी काढले असते, तर रंग, उजेड, रेघांची धार हे सगळं कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलं असतं आणि उरलेली माहिती तिथल्या तिथे टाकून दिली असती. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. डागाखाली दबलेली पुसट शाई वर काढायची तर या जास्तीच्या पायऱ्याच कामाला येतात. मात्र रॉ म्हणजे अजून तयार चित्र नव्हे. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजतो. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ सालच्या पेटंटातली. बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून काढावे लागतात, आणि ते काम करणारा प्रोग्रॅम दिरांच्या फोनवर नाही.

फाइल लहान होते ती काहीतरी टाकूनच. काय टाकायचं ते तुम्ही ठरवलं नाहीत, तर प्रोग्रॅम ठरवतो, आणि प्रोग्रॅमला मोडी येत नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

तुमचा फोटो मी मोठ्या पडद्यावर चौपट करून बराच वेळ पाहिला. वर मधोमध ‘श्री’, त्यावर कुंकवाचं बोट. डाव्या अंगाला तेलाचा पसरट डाग. फोटो पडवीत काढला असावा, कारण उजेड एकाच बाजूने आहे आणि पानाची उजवी कड काळवंडली आहे. तिसऱ्या ओळीत नारळांची नोंद, आणि रकमेच्या शेवटी तीन उभ्या रेघा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. यातली तिसरी रेघ बोरू कोरडा होत आला तेव्हाची आहे, केसाएवढी. पान काळंपांढरं करताना जरा हात जड पडला की ती रेघ जाते आणि पाऊण रुपयाचा अर्धा होतो. पान दिसायला मात्र स्वच्छ दिसतं! म्हणून मी झटपट स्कॅन करून देणाऱ्या फोन ॲपच्या विरुद्ध आहे. ती ॲप बिलं आणि आधार कार्डं यांच्यासाठी ठीक आहेत.

आता कामाला लागू. आधी रॉ ‘धुवून’ घ्यायचे. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरा, दोन्ही फुकट आहेत. भाच्याला काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायची सवय असेल तर डेव्ह कॉफिन यांचा जुना डीसीरॉ प्रोग्रॅमही तुमच्या कॅमेऱ्याला चालेल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरा कसा दिसावा याचा आकडा, एका पानावर ठरवा आणि त्याच उजेडात काढलेल्या सगळ्या पानांना तोच लावा. ऑटोवर सोडलंत तर शेजारशेजारची दोन पानं एक पिवळं, एक निळसर अशी येतील. कागदाचा तपकिरीपणा घालवायच्या मागे लागू नका, तो कागदाचाच रंग आहे. एका बाजूच्या काळोखीला उपाय आहे : त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच लेन्सने एका कोऱ्या पांढऱ्या ड्रॉइंग पेपरचा फोटो काढा. रॉथेरपीत फ्लॅट फील्ड म्हणून सोय आहे, तिथे तो दिला की सगळ्या पानांवरचा उजेड सारखा होतो. पडवीतला उजेड आणि घरातला पिवळा बल्ब असे दोन्ही एकाच पानावर पडले असतील तर मात्र व्हाइट बॅलन्सचा एक आकडा दोन्हींना पुरत नाही. ती पानं बल्ब बंद करून पुन्हा काढा. कागद अजून घरात आहेत तोवर हे जमेल.

डागाची युक्ती सांगते. पिवळे-तपकिरी डाग लाल चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग पाहिला तर, जवळजवळ दिसेनासे होतात आणि काजळाची काळी शाई तशीच ठसठशीत राहते. तेव्हा वाचण्याच्या प्रतीसाठी लाल चॅनेल घ्या. पण त्यात कुंकूही जातं, आणि लाल शाईत काही लिहिलेलं असेल तर तेही जातं. दिवाळीत वहीपूजनाला लावलेलं कुंकू हा त्या पानाचा भाग आहे, तुमच्या घराच्या इतिहासाचा भाग आहे. अशी पानं रंगीतच ठेवा, मग ती थोडी जड झाली तरी चालतील.

या टप्प्यावर फाइली लहान व्हायच्या ऐवजी फुगतात, त्याने घाबरू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८ बिटांच्या टिफमध्ये (काही न टाकता साठवलेल्या चित्रात) ७२ एमबी होतो, १६ बिटांत १४४. २१० पानं ८ बिटांत केली तरी १५ जीबी लागतात. संगणकावर तेवढी जागा आधी बघून ठेवा.

पुढचं काम स्कॅनटेलरचं, तोही फुकट आहे. पान सरळ करणं, कडा कापणं, वहीची दोन पानं वेगळी करणं हे तो करतो. मोडीत आधी सबंध ओळीची रेघ ओढून मग अक्षरं लिहीत, त्यामुळे पान सरळ झालं की नाही हे त्या रेघेवरून लगेच कळतं. तो सुरुवातीला डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, ते विचारेल. फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला आकडा कॅमेऱ्याने ठोकळेबाज घातलेला असतो, त्यावर जाऊ नका. भाच्याने पानाच्या कडेला फूटपट्टी ठेवली आहे (हे कुणी करत नाही, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या). तिचे १२ इंच फोटोत साधारण ५४०० पिक्सेल व्यापतात, म्हणजे इंचाला ४५०. तोच आकडा द्या.

मग दोन गोष्टी नीट पाहा. डिस्पेकल, म्हणजे बारीक ठिपके पुसणं, पूर्ण बंद ठेवा. कसरीने पाडलेली भोकं आणि अनुस्वार यांतला फरक त्याला कळत नाही. आणि रेघा बारीक-जाड करायची पट्टी जाडकडे थोडी सरकवा. किती सरकवायची ते त्या नारळाच्या नोंदीवरच ठरवा : तिन्ही रेघा सुट्या दिसल्या पाहिजेत. स्टॅम्प पेपरांना काळंपांढरं नको, मिक्स्ड (अक्षरं काळीपांढरी, बाकी चित्र तसंच) किंवा रंगीत ठेवा, नाहीतर शिक्क्याचा काळा गोळा होतो.

आता भाच्याचं डीजेव्हीयू. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत यान लकून, लिऑन बोतू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्कॅन केलेल्या कागदांसाठीच घडवलं. पानाचे ते थर करतं : शाईचा आकार वेगळा, पूर्ण बारकाव्यासह, आणि कागदाचा रंग, डाग वगैरे वेगळे, कमी बारकाव्यात. जेपीजी सगळ्या पानाला एकाच मापाने मोजतो, त्यामुळे अक्षराभोवती धुरकट कण येतात. इथे तसं होत नाही. ३०० डीपीआयचं ए४ रंगीत पान उघडं ठेवलं तर २५-२६ एमबी होतं. डीजेव्हीयूत छापील मजकुराचं तसं पान शंभरेक केबीच्या आत येऊ शकतं.

शाईच्या थरात आणखी एक करामत आहे. एकसारखे आकार एकदाच साठवायचे आणि जिथे जिथे येतील तिथे तोच वापरायचा, छापखान्यात एकच खिळा वापरावा तसा. इंग्रजी छपाईला याचा मोठा फायदा, कारण प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे शिरोरेघेने शब्द जोडलेला, आणि मोडीत तर सबंध ओळच एकमेकांत गुंतलेली. त्यामुळे तुमची फाइल इंग्रजी पुस्तकाइतकी आटणार नाही. पण आकडे आणि पाव-अर्ध्याच्या खुणा सुट्या असतात, आणि धोका तिथेच आहे. ‘जवळजवळ सारखा’ आकार सारखाच मानायची मुभा दिली, तर एका आकड्याच्या जागी दुसरा बसू शकतो. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिसेल यांनी दाखवून दिलं की एका नावाजलेल्या कंपनीची स्कॅन यंत्रं अशाच पद्धतीमुळे ६चा ८ करत होती, आणि पान दिसायला अगदी सुबक होतं. जमाखर्चाच्या वहीला हे कदापि चालणार नाही.

डीजेव्हीयूलिब्र या फुकट संचात काळ्यापांढऱ्या पानांसाठी सीजेबी२ आहे. तो मुळात काहीच न बदलता साठवतो, फक्त ‘लॉसी’ (काही टाकून देणारा) आणि ‘क्लीन’ (ठिपके पुसणारा) हे पर्याय लावू नका. रंगीत पानांसाठी सी४४ आहे. त्याला टिफ चालत नाही, पीपीएम (साधं, न दाबलेलं चित्र) किंवा चांगल्या दर्जाचं जेपीजी द्यावं लागतं. शेवटी डीजेव्हीएमने सगळी पानं एका फाइलमध्ये बांधायची. तुमचं दप्तर वीसेक एमबीत बसायला हरकत नाही. गावातल्या रेंजवरही तेवढी फाइल जाते.

डीजेव्हीयू की पीडीएफ? घरच्यांना पीडीएफ द्या. डीजेव्हीयू उघडायला फोनवर वेगळं ॲप लागतं, आणि इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहानेही २०१६ सालापासून नव्या पुस्तकांची डीजेव्हीयू बनवणं थांबवलं. मला स्वतःला ते अजून आवडतं, कारण जुन्या संगणकावरही पानं भराभर उलटतात. मराठी विकिस्रोतावरही ते चालतं. पण नणंदेने ॲप शोधत बसावं असं मी सांगणार नाही. स्कॅनटेलरमधून निघालेल्या त्याच काळ्यापांढऱ्या टिफपासून पीडीएफ करा, दाबण्याची पद्धत जी४ निवडा. ती एकही ठिपका बदलत नाही. जेबीआयजी२ ही दुसरी पद्धत असेल तर त्यातलाही लॉसी पर्याय टाळा. आणि झेरॉक्सच्या दुकानात द्यायचं असेल तर शेजारी बसून त्या तीन रेघा स्वतः तपासा.

मूळ रॉ पुसू नका. सगळे मिळून सहा-साडेसहा जीबी आहेत, साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. एक प्रत घरी, एक मुंबईला दिरांकडे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवणं मला पटत नाही. फाइलींना नावं देताना कोणता कागद कोणत्या वहीत, कोणत्या गाठोड्यात होता ते नावात राहू द्या. मोडी जाणणाऱ्याला तारीख नसलेला कागद त्या जागेवरूनच लावता येतो.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे. रॉ नसेल तर काम अडेल का? — वेंगुर्ला

उत्तर : अडणार नाही. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडला डीएनजी हा रॉचाच प्रकार मिळतो, असेल तर तो घ्या. नसेल तर सर्वात मोठा जेपीजी घ्या. फ्लॅश नको, डिजिटल झूम नको, फोन स्टँडवर किंवा दोन स्टुलांवर आडवी फळी टाकून तिच्या कडेला ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रश्न : वाचनालयातल्या जुन्या छापील मासिकांचे अंक असेच फोटो काढून शोधता येतील असे करायचे आहेत. चालेल का? — अलिबाग

उत्तर : छापील मराठीसाठी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम वापरा. मराठीची ओळख त्यात आहे आणि ओसीआरमायपीडीएफ हा दुसरा प्रोग्रॅम त्याच्याच आधाराने पीडीएफच्या पानामागे मजकुराचा अदृश्य थर बसवतो. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं चुकतात, तेव्हा निदान लेखांची नावं आणि लेखकांची नावं हाताने दुरुस्त करा, शोध बहुतेक त्यावरच घेतला जातो. सर्वांसाठी खुलं करण्याआधी प्रत्येक लेखकाचं मृत्यूवर्ष पाहा. आपल्या कायद्याने हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. १९६४ साली वारलेल्या लेखकाचा लेख २०२५च्या १ जानेवारीपासून खुला. मासिकात लेखक अनेक, त्यामुळे एकाच अंकातले काही लेख खुले आणि काही बंद असं होईल. बंद असलेले लेख तूर्त वाचनालयाच्या संगणकावरच ठेवा आणि वारसांना पत्र लिहा.