दोघांपैकी कोण, हे ठरवण्याआधी

प्रश्न : मी कादंबरी लिहिते आहे. नायिकेचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एका परदेशी बंदरात उतरला आणि तिथूनच बेपत्ता झाला. नऊ वर्षांनी तिने गावातल्या शिक्षकाशी लग्न केलं. आता पहिला नवरा परत आला आहे. तिने कोणाला निवडावं? मैत्रिणी म्हणतात, एकाला मारून टाक, म्हणजे प्रश्नच मिटेल. – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, कोणालाही मारू नका. हस्तलिखितं वाचण्यात माझी उमर गेली, पण शेवटाकडे असा सोयीचा अपघात आला की अजूनही राग येतो. तिचा निर्णय लेखिकेनेच हिसकावून घेतलेला असतो.

दुसऱ्या लग्नाआधी ती कोर्टात गेली होती का? तुमच्या पत्रात याबद्दल अक्षर नाही, आणि मला तर सगळी कादंबरी तिथेच दिसते. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 13 : जोडीदार जिवंत असल्याची खबर सात वर्षं नसेल, तर घटस्फोट मागता येतो. तो मिळाला असेल, तर नवरा परत आला म्हणून जुनं लग्न पुन्हा उभं राहत नाही. ती कोर्टात गेलीच नसेल, तर मात्र दुसरं लग्न कायद्याने टिकत नाही. सात वर्षं पत्ता नसल्यामुळे तिच्यावर गुन्हा लागत नाही, पण तोही एका अटीवर : लग्नाआधी तिने शिक्षकाला खरी परिस्थिती सांगितलेली हवी.

ते सांगणं कुठे झालं? शाळा सुटल्यावर, की त्याच्या आईसमोर? त्यावर तो काय म्हणाला? हे प्रकरण तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि दुसरं, त्याहून अवघड. ज्यांना साहजिकच खबर लागली असती, त्यांनाही ती नसावी, असं कायदा म्हणतो. म्हणजे साक्षीला सासूबाई आल्या. वकील विचारणार, "मुलाचं शेवटचं पत्र कधी आलं?" पत्र पिशवीत आहे, तारीख तोंडपाठ आहे, पण तारीख सांगितली की सून मोकळी होणार, हे म्हातारीला कळतंय. ती किती वेळ गप्प राहते, ते लिहा. सुनेने अर्जावर सहीच केली नसेल, तर का नाही केली, ते लिहा. ती कोणाची आहे, हे तुम्हाला तिथे कळेल.

कारगिलच्या वेळी बेपत्ता झालेला उत्तर प्रदेशातला एक जवान 2004 साली पाकिस्तानच्या कैदेतून परतला. दरम्यान बायकोचं दुसरं लग्न झालं होतं, ती गरोदर होती. तिने पहिल्याकडे परत जावं, असं पंचायतीने ठरवलं, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे. 2006 मध्ये ती वारली. ती बातमी वाचल्यापासून अशा गोष्टीत मी पहिल्यांदा एवढंच बघते, की बाईला कोणी विचारलं का.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझा कल शिक्षकाकडे आहे. सगळं माहीत असूनही तो तिच्याशी लग्नाला उभा राहिला असेल, तर त्याचं पारडं जड आहे. पण म्हणून पहिल्याला दारुडा किंवा परदेशात दुसरा संसार थाटलेला करू नका. तो चांगलाच असू द्या, तिची आठवण काढत परतलेला. कोर्टाचं प्रकरण झालं की पाठवा, मी वाचेन.