दमटपणाचा सेन्सर आणि गरम बिट : वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की द्राक्षबागांतली हवामान यंत्रं दुरुस्तीसाठी खाली उतरतात आणि माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येतात. या वेळचे काही निवडक.

प्रश्न (कुपवाड) : सेन्सर सोल्डर करताना (झाळताना) सोल्डरिंग आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, किती तापवावं?

कथिल-शिशाची ६३/३७ सोल्डर वायर (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळते; बिट ३२० ते ३५० वर ठेवा आणि एका पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

प्रश्न (सातारा) : कंडेन्सर माईक सोल्डर केल्यापासून आवाज येत नाही.

बहुधा जास्त तापून गेला. नवा लावा.

प्रश्न (तासगाव) : बागेतल्या यंत्राला दमटपणाचा नवा सेन्सर लावला, बोर्ड थिनरनं स्वच्छ पुसला. आता पहाटे दव पडलेलं असतानाही आर्द्रता ६५ टक्केच दिसते. दुकानदार म्हणतो, प्रोग्रॅममध्ये सरळ २५ मिळवा.

कृपा करून मिळवू नका. हा सल्ला मी फार वेळा ऐकला आहे आणि दर वेळी नुकसान बागायतदाराचंच होतं. या सेन्सरच्या छिद्राआड पॉलिमरचा पातळ थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो आणि त्यावरून आकडा ठरतो. सोल्डरिंगच्या उष्णतेनं थर कोरडा पडतो, आकडा काही काळ कमी येतो. दमट हवेत ठेवल्यावर तो सावरतो. थिनर किंवा आयपीए (बोर्ड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल) छिद्रातून आत गेलं तर मात्र थरच बिघडू शकतो, आणि मग चूक कोरड्या हवेत वेगळी, दमट हवेत वेगळी येते. एकच आकडा मिळवून ती कशी भरून निघेल?

आधी बोर्डावरचं बाकी सगळं काम उरका, बोर्ड धुवा, पूर्ण वाळवा. हा सेन्सर सर्वांत शेवटी लावा, छिद्रावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) चिकटवून, नो-क्लीन वायरनं, म्हणजे जोडल्यावर धुवावं न लागणाऱ्या सोल्डरनं. नंतर धुऊ नका. टेप काढायची विसरू नका. मग तपासा : झाकणाच्या बरणीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, सेन्सर मिठाला न टेकता वर लटकवा आणि रात्रभर बंद ठेवा. २५ अंशांना आत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. आकडा फार दूर असेल तर सेन्सर बदला. तोवर त्याच्या भरवशावर डाऊनीची (दमट हवेत येणाऱ्या बुरशीजन्य केवडा रोगाची) फवारणी टाळू नका. द्राक्ष सल्लागाराला बाग दाखवा.

प्रश्न (विटा) : स्टॅटिकनं (अंगावर साठलेल्या स्थिर विजेनं) सेन्सर जाऊ नये म्हणून मनगटाला तांब्याची तार गुंडाळून प्लगच्या अर्थिंगला जोडली आहे. चालेल ना?

आजच काढा, जिवाशी खेळ आहे. मनगटाच्या तयार अँटिस्टॅटिक पट्ट्यात साधारण १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो चुकून करंट लागलाच तरी धोक्याच्या पातळीला जाऊ देत नाही. नुसत्या तारेत ते संरक्षण नाही. तयार पट्टा घ्या, तीन पिनांचं आयर्न वापरा आणि घरचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न (कराड) : ‘सेन्सर स्पेशल’ म्हणून सुटी सोल्डरिंग पेस्ट (फ्लक्स, सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची) मिळाली. महिन्यात सेन्सरचे पाय हिरवे पडले.

ती बहुधा पत्र्याच्या झाळकामाची आम्लाची पेस्ट असावी, नवं नाव देऊन विकलेली. डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि प्रकार छापलेला नसेल तर ती घेऊच नका. इलेक्ट्रॉनिक्सला राळेचा किंवा नो-क्लीन फ्लक्स लागतो. बोर्डाला पुन्हा वीज देऊ नका आणि आणखी महिनाभर थांबूही नका. आम्ल खातच राहतं. या आठवड्यातच जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवा, सोबत ती डबीही न्या.