पाल्याचा अर्क, चांदीचे कण आणि तेच तेच प्रश्न

झाडपाल्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोपार्टिकल्स (अतिसूक्ष्म कण) बनवण्यावरच्या गेल्या वेळच्या लेखानंतरही त्याच शंका फिरून येतायत, म्हणून एकदमच उत्तरं देतोय.

प्रश्न: कडुलिंबाच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा विरघळणारा क्षार) घातलं, रंग तपकिरी झाला. नॅनोपार्टिकल्स झाले ना?
झाले असतील, पण नुसत्या रंगावरून लिहू नका. यूव्ही-व्हिजिबलला (द्रावण कुठला प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) 400 ते 450 नॅनोमीटरमध्ये शोषणाचा उंचवटा (पीक) येतोय का बघा, मग टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण बघणं) करा. गाईडला रीडिंग दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: आमचं मिसळल्या मिसळल्या पांढरं गढूळ होतंय.
नळाचं पाणी वापरलं असणार, त्यातल्या क्लोराइडने चांदी खाली बसते. डिस्टिल्ड वॉटर घ्या.

प्रश्न: ओळखीतले एक जण तुळशीपासूनचं "नॅनो चांदीचं पाणी" विकतात, रोज दोन चमचे, इम्युनिटीसाठी. एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) संशोधन आहे म्हणतात. झाडापासूनचं आहे म्हणजे सेफच ना?
नाही! पुण्याच्या एनसीएलमधून मुरली सास्त्रींच्या गटाचा 2004 चा पेपर आहे खरा, पण तो कडुलिंबाच्या पाल्यापासून चांदी-सोन्याचे कण बनवण्याबद्दल, पिण्याबद्दल नाही. यात "ग्रीन" एवढंच की बोरोहायड्राइडसारखं तीव्र केमिकल न वापरता पानातली पॉलिफेनॉल्स वगैरे नैसर्गिक द्रव्यं चांदीच्या आयनचं (विरघळलेल्या, विद्युतभारित चांदीचं) रूपांतर कणात करतात आणि त्या कणाला वरून लपेटून ठेवतात, आत असते ती चांदीच, आणि ती पोटात गेल्यावर तुळशीचे संस्कार दाखवत नाही. वर्ख खातोच की, असं कोणीतरी म्हणणारच, पण कण जितके बारीक तितकं तेवढ्याच वजनाच्या चांदीचं पृष्ठफळ जास्त आणि आयनही जास्त सुटतात. चांदी अंगात साठत गेली की कातडी निळसर-राखाडी पडते, आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा जात नाही. थायरॉइडची गोळी, काही अँटिबायोटिक्स यांचं शोषणही कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 1999 मध्येच सांगितलं की ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांतली कोलॉइडल चांदी (द्रवात तरंगणारे चांदीचे बारीक कण) सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. बाटलीवर कणांचा आकार, चांदीचं प्रमाण, बॅच नंबर काहीतरी आहे का? पानाचा ऋतू बदलला, जागा बदलली की अर्क बदलतो, मग कणही बदलतात. बंद करा, आणि आधीच घेत असाल तर बाटली घेऊन डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: वडिलांना शुगर आहे, पायाच्या जखमेवर तीन आठवडे हर्बल नॅनो-सिल्व्हर जेल लावतोय, कडा काळ्या पडल्यात. ब्रँड बदलू का?
ब्रँड कसला बदलताय, आजच सर्जनकडे न्या. चांदीची ड्रेसिंग्ज हॉस्पिटलात वापरतात, पण रक्तपुरवठा किती आहे, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का हे तपासून. तीन आठवडे आधीच गेलेत.

प्रश्न: आमच्या कणांनी कॅन्सरच्या पेशी मेल्या. टायटलमध्ये "कॅन्सरवर उपाय" लिहू?
अजिबात नको. नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि नॉर्मल पेशी, हे तिन्ही कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावलेत का? नसतील तर कशाने मेल्या हे तुम्हालाच माहीत नाही. आधी ते करा आणि एखाद्या टॉक्सिकॉलॉजीवाल्याला (विषशास्त्राच्या तज्ज्ञाला) दाखवा.