हर्षिलची दरी, देवघरातली बाटली आणि आपली नर्मदा

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर): चारधामला गेलो होतो. हर्षिलला दरी एवढी ऐसपैस आणि खाली येताना नुसती घळ, नदी तीच ना?

हो, भागीरथीच, पण कोरणारा वेगळा. नदी खाली खाली कापत जाते आणि कडा ढासळतात, म्हणून दरी व्ही आकाराची. हिमनदी अख्खी दरी भरून सरकते, तळाबरोबर बाजूही घासते आणि यू बनवते. गंगोत्री हिमनदीचं तोंड आज गोमुखला आहे, पण हिमयुगात ती हर्षिलच्याही खाली झाला गावापर्यंत आलेली. आणि हां, तो सपाट तळ बराचसा बर्फाने नाही केलेला, वितळलेल्या पाण्याने आणलेले गोटे-रेती साचून झालाय.

प्रश्न (लोकमान्य नगर): बर्फ तर दगडापेक्षा मऊ, मग खडक घासतो कसा?

लग्नाच्या सीझनला बर्फाची लादी फरशीवरून ओढत नेतात ना, खाली खडी चिकटलेली असली की फरशीवर पांढरे ओरखडे उठतात, बर्फाने नाही, खडीने. हिमनदीचंही तेच. शिवाय हिमनदीच्या तळाशी पाणी असतं, त्याने ती घसरते, आणि तेच पाणी भेगेत शिरून गोठलं की दगड उपटून निघतो, म्हणजे नवी खडी तयार. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी, पैनगंगेच्या काठी असे ओरखडे खडकावर आहेत, जवळपास 30 कोटी वर्षांपूर्वीचे! तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाकडे होता, हे मला अजूनही भारी वाटतं.

प्रश्न: गोमुखहून आणलेल्या पाण्याच्या बाटलीत तळाला राखाडी थर बसलाय. घाण आहे का?

नाही हो, दगडाचं पीठ आहे. घासून घासून इतकं बारीक होतं की पाण्यात दिवसेंदिवस तरंगतं, म्हणून तिथलं पाणी दुधाळ. देवघरात बाटली न हलवता ठेवली म्हणून खाली बसलं, एवढंच. प्यायला मात्र नको. आणि परत गेलात तर तिथले नाले सकाळी ओलांडा, उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं.

प्रश्न (महू): नर्मदेची दरीही बर्फाचीच का?

छे. विंध्य-सातपुड्यामधला पट्टा खचला, त्यातून ती वाहते. नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आपल्या इंदूरच्या नळाला येतं ते पावसाचं पाणी. बर्फाच्या पाण्याला भेटते ती आपली खान नदी, शिप्रेतून चंबळ आणि मग इटाव्याकडे यमुना, आता ती काय काय घेऊन भेटते ते विचारू नका.