अडकलेली ब्रेक डिस्क काढताना

हातोडा उचलण्याआधी डिस्क कशाने धरलीय ते बघा. गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) आणि त्याचं ब्रॅकेट सोडवून तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर भार नको. डिस्कच्या तोंडावर छोटा स्क्रू असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोड्याने ठोकून फिरणारा) लावा; साध्या स्क्रूड्रायव्हरने त्याचं डोकं झिजतं. मागच्या डिस्कमध्ये हँडब्रेकचे शू (आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) असतील तर हँडब्रेक सोडा, शूचा अॅडजस्टर मागे फिरवून ते सैल करा.

खरी पकड गंजाची, हबच्या (डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) गोल कडेवर. तिथे पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारून 15-20 मिनिटं खरंच थांबा. डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं दिसली तर अर्धं काम झालं. त्यात बहुतेकदा 8 मिमीचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळा; एकच पिळलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी आवळते. भोकं नसतील तर चष्मा लावून, डिस्क फिरवत, स्टडांच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या) मधल्या जागेवर हातोड्याने ठोका. घणाचे घाव नकोत, बेअरिंग जातं. चाकाचा एक नट दोन-तीन आटे चढवून ठेवा, नाहीतर सुटलेली डिस्क थेट पायावर येते.

नवी बसवण्याआधी हब वायर ब्रशने स्वच्छ घासा. गंजाचा पातळ पापुद्रा राहिला तरी डिस्क वाकडी बसते आणि पुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरतं.